उंबरवाडीचा अंगठा

ता. १७ जानेवारी १९२८, मंगळवार. कर्जत
दुधात पुन्हा पाणी. गवळी देवाची शपथ घेतो, म्हणजे नक्कीच.

दुपारी ओटीवर मुंबई कौन्सिलचे कागद चाळत बसलो होतो. दौऱ्यावरच्या प्रांतसाहेबांनी चौक गावचा मुक्काम हलवला, स्वारी कर्जतला आली. पुढे घोडा, मागे बटलर, त्यामागे उंबरवाडीचे अकरा ठाकर डोक्यावर सामान घेऊन. तंबू, खाटा, कोंबड्यांचं खुराडं. सगळ्यात शेवटी पत्र्याचा आंघोळीचा टब, पालथा, खाली नुसते दोन पाय. टबच चालत येतोय असं दिसत होतं. हसू आवरेना. सौ. दारातून म्हणाली, हसताय काय, खाली माणूस आहे. तेवढ्यात तो आमच्याच फाटकापाशी ठेचाळला आणि टब गडगडत गटारापर्यंत गेला. रस्ताभर हशा. मीही हसलो.

टबाला पोचा आला. बटलरने आईबहिणीवरून उद्धार केला आणि हाकलून दिलं, मजुरी नाही. बाकी दहांनाही काही मिळालेलं दिसलं नाही. माणूस आमच्या पायरीवर बसून राहिला. खांद्याचं हाड सरकलंय. सौ.ने हळद गरम करून लावली. नाव बुधा.

ता. १८ जाने.
बुधा रात्री पडवीतच झोपला होता. सकाळी सगळं विचारून घेतलं. दरसाल साहेबांचा मुक्काम हलला की खालच्या गावचे पाटील वाडीवर माणूस पाठवतात. जायचं. नाही म्हणायची सोय नाही, कारण रानातला राब, म्हणजे शेत भाजायला तोडायच्या फांद्या, पाटलांच्या हातात. फांद्या तोडू दिल्या नाहीत तर राब भाजायचा कशाने आणि नाचणी पेरायची कुठे.

वेठ बंद झाली असं सरकार कौन्सिलात तोंड भरून सांगतं. इथे माझ्या फाटकापाशी वेठ पालथी पडली. याच्यावर प्रश्न लावणार. कौन्सिलात जाऊन वर्ष झालं, अजून माझ्या नावावर एक पूल आणि एक गुरांचा दवाखाना, दोन्ही कागदावर.

विसूभाऊंना बोलावलं. चौदा वर्षं माझे कारकून. माझं अक्षर मलाच लागत नाही, त्यांचं मोत्यासारखं. बुधाचा जबाब त्यांनी उतरवला, खाली डाव्या हाताचा अंगठा. अंगठ्यावर जुना कोयत्याचा घाव, ठशात मधोमध पांढरी रेघ आली. प्रश्नाच्या नोटिशीला तो जबाब जोडला, जोडपत्र अ.

विसूभाऊ म्हणाले, "साहेब, याचं नाव वगळू या का?"

मी हसलो. साक्षीदाराशिवाय दावा लावतात का कोणी? कोर्टात नाव नसलेल्या माणसाचं कोण ऐकतं? नाव, वाडी, बापाचं नाव, सगळं घातलं. बुधाला वाचून दाखवलं. तो म्हणाला, तू लिवलंस तर बराच हाय. ठाकर लोक सगळ्यांना अरेतुरे करतात, कलेक्टरलाही. मला ते आवडतं.

ता. २० जाने.
नोटीस मुंबईला रवाना. पाकीट स्वतः चिकटवलं, स्वतः पोस्टात टाकलं. पोस्टमास्तर पाकीट उजेडाला धरून बघत होते. म्हणे वजन पाहतोय. डोळ्याने?

कोणाला काही बोललो नाही. सौ.लाही नाही.

ता. ९ फेब्रुवारी, गुरुवार
दामू जेवायला आला. सौ.चा धाकटा भाऊ, खालापूरच्या कचेरीत अव्वल कारकून. वांग्याची भाजी वाढून घेत सहज म्हणाला, "भावोजी, त्या टबाच्या पोच्याचं काय झालं पुढे?"

हातातला घास ताटात ठेवला. विचारलं, कोणता टब? तर म्हणतो, ऐकलं कुठेतरी. कुठे? आठवत नाही. आणि ताकाची वाटी तोंडाला लावली ती संपेपर्यंत काढली नाही.

प्रश्न अजून सभागृहात यायचाय. ठाऊक कोणाला, तर मला, विसूभाऊंना आणि बुधाला. खालापूरला कसं कळलं? घरात कोणीतरी फितूर आहे.

ता. १० फेब्रु.
यापुढे या वहीत पुरी नावं नाहीत. वही कपाटात असते, पण किल्ली देवघरात, आणि देवघरात सगळेच जातात. विसूभाऊ = वि. दामू = दा.

ता. १२ फेब्रु.
वि. जेवायला गेला तेव्हा त्याच्या मेजावरचा टीपकागद आरशासमोर धरला. उलटी अक्षरं सुलटी होतात. निघालं काय, तर 'चि. सौ. कां. गोदूस अनेक आशीर्वाद'. मुलीला पत्र. तरी कागदाच्या एका कोपऱ्यात 'खालापू' एवढं आहे. खालापूरला कोणाला लिहिलं? विचारलं तर सावध होईल.

आणि आता आठवतं, त्या दिवशी नाव वगळू म्हणाला ते का? नाव नसेल तर प्रश्न लुळा पडेल हे त्यालाही कळत होतं. चौदा वर्षांत मला कधी शिकवायला आला नाही, त्याच दिवशी बरा आला. वकिलाला संशय येत नसेल तर त्याने किराणा दुकान घालावं.

ता. १ मार्च. मुंबई
आज प्रश्न आला. सकाळी छापील उत्तर मेजावर होतं. हातात घेतलं आणि दोनदा वाचलं.

(अ) हे खरे नाही. सर्व मजुरांना मजुरी देण्यात आली असून, प्रश्नात उल्लेखिलेल्या इसमाने तसा स्वतःचा जबाब अंगठ्यानिशी दिला आहे.
(ब) उद्भवत नाही.

उभा राहिलो. पुरवणी प्रश्न विचारायचा होता, हा दुसरा जबाब कधी घेतला, कोणी घेतला. शब्दच जुळेनात. तोवर पलीकडच्या बाकावरून एकाने विचारलं, टबात त्या वेळी आनरेबल मेंबर स्वतः तर बसले नव्हते ना? सगळं सभागृह हसलं. हे आता छापलं जाईल, पुढे कंसात 'हंशा' असं. माझे नातू वाचतील.

बुधा फिरला? की फिरवला? फिरवायचा तर आधी बातमी लागायला हवी. ती कोणी दिली, एवढंच मला पाहिजे.

ता. ४ मार्च, रविवार
चौक गावापर्यंत गाडीने आणि पुढे डोंगर चढून उंबरवाडीवर गेलो. टाचा सोलल्या. पंधरा-वीस झोपड्या, पण माणूस बाहेर येईना. एका म्हाताऱ्याला विचारलं, बुधा कुठे आहे?

"बुधा? आमच्यात बुधा नाय."

त्याच्या मागे दारात एक बाई उभी होती. माझ्याकडे बघत होती, नजर हलवत नव्हती. मी तिच्याकडे वळलो तशी आत गेली. वाडीभोवतीची झाडं न तोडलेली, फांद्या तशाच. या दिवसांत राब तोडून वाळत पडलेला असतो. चुकलं असेल यांचं काही, म्हटलं. उतरलो.

ता. ८ मार्च
फितुराला पकडायची युक्ती सुचली. उंदराच्या बिळापाशी खोबरं ठेवायचं.

एक खोटा प्रश्न तयार केला. खालापूर रस्त्यावरच्या पळसगावच्या धर्मशाळेच्या विहिरीत जनावर मरून पडलंय आणि पाणी घाण झालंय, हे सरकारला ठाऊक आहे काय? पळसगावात मी आयुष्यात पाय ठेवलेला नाही. पण विहीर कुठलीही असो, थोडीफार घाण असतेच, त्यामुळे अगदी खोटंही नाही. वि.ला एकट्याला बोलावून सांगितलं, कोणाला बोलू नका. त्याने मान हलवली, सुंदर अक्षरात नक्कल केली. नोटीस रीतसर मुंबईला पाठवली, म्हणजे त्याला शंका यायला नको.

आता पळसगावाला बातमी लागली, तर ती वि.खेरीज दुसऱ्या कोणाकडून लागणार?

ता. २२ मार्च, पाडवा
गुढी उभारली. सौ. म्हणाली, कडुलिंब जरा जास्त खा, तोंड आधीच तसं झालंय. तिलाही काहीतरी ठाऊक आहे. दा. आठवड्यातून दोनदा येतो, आणि दोघं स्वयंपाकघरात बोलतात. मी गेलो की कढीलिंबाचा विषय निघतो.

ता. २८ मार्च
सापडला.

सकाळी पळसगावचे पाच-सहा लोक दारात. पुढे म्हातारा, हातात नारळ. म्हणाला, तुमी इचारलंव म्हून आमची हीर साफ झाली. तलाठी आला, पाटील आले, गाळ काढला, नवीन रहाट बसवला. जनावर काय नव्हता, पन चपला लय निघाल्या.

नारळ घेतला. कौन्सिलात गेल्यापासून माझ्या प्रश्नाने झालेलं हे पहिलं काम. वि. आत बसून लिहीत होता. त्याने सगळं ऐकलं. मान वर केली नाही.

ता. २९ मार्च, गुरुवार
वि.ला समोर बसवलं. सगळं मांडलं. टब, दा.ला कळणं, टीपकागदावरचं खालापूर, नाव वगळायची सूचना, पळसगाव. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग विचारलं, "साहेब, टीपकागद आरशात बघितलात?"

मी म्हटलं, बघितला.

म्हणाला, खालापूरला माझा साडू असतो, त्याला मुलीच्या बाळंतपणाचं कळवलं होतं. मग दौत, टाक, रूळपट्टी स्वतःच्या पिशवीत घातली. रूळपट्टी माझी होती. फाटकापर्यंत गेला, परत आला, रूळपट्टी मेजावर ठेवली आणि गेला.

नाकबूल केलं नाही, हे लक्षात घ्यायला हवं. कबूलही केलं नाही म्हणा.

ता. ११ एप्रिल
नवा कारकून मिळत नाही. स्वतः एक दावा लिहून दिला, मुनसफांनी परत पाठवला, 'वाचनीय प्रत सादर करावी'. वि. कोर्टाबाहेर चिंचेखाली खोकं मांडून अर्ज लिहीत बसतो. त्याच्यापुढे रांग असते. मी छत्री त्या बाजूला धरून जातो.

सौ. गेले बारा दिवस विचारल्याखेरीज बोलत नाही. आज विचारलं, भाजी कसली? म्हणाली, उद्भवत नाही. छापील उत्तर वाचलंय तर बाईने.

ता. २० मे, रविवार
दा.शी भांडण. सरळच विचारलं, वि. तुला बातम्या देत होता, कबूल कर. आधी हसला, मग पाहिलं की मी हसत नाहीये. लाल झाला. सौ. मध्ये पडली नाही, पोळ्या लाटत राहिली, पण लाटणं जरा जोरातच. दा. न जेवता उठला. दारात चपला घालताना म्हणाला, पुढच्या रविवारनंतरच्या रविवारी खालापूरला या. कचेरी बंद असते. माझी नोकरी गेली तर तुमच्याकडे कारकुनीला येईन, जागा रिकामीच आहे.

सापळा असेल का? कचेरीत चोरून शिरलेला कौन्सिलर. शत्रूला एवढंच हवं. तरी जाणार.

ता. ३ जून, रविवार. खालापूर
हे त्याच्याच घरी बसून लिहितोय. वही मांडीवर आहे, त्यामुळे अक्षर आणखीच दिव्य.

सकाळच्या गाडीने खोपोली, पुढे बैलांची दमणी. दामूने कचेरीचं मागचं दार उघडलं, कापडात बांधलेलं कागदांचं एक बासन काढलं आणि सोडून माझ्यापुढे ठेवलं.

वरचाच कागद माझा. माझी नोटीस, वि.चं अक्षर, पाठीला जोडपत्र अ, बुधाचं नाव, बापाचं नाव, वाडी, अंगठा. आणि समासात शेरेच शेरे. मुंबईहून खाली पाठवलं, चौकशी करून कळवावे. जिल्ह्याहून खाली पाठवलं. प्रांताने खाली पाठवलं. इथून खाली, गावी. शेवटचा शेरा ज्यांच्याविरुद्ध प्रश्न होता त्या पाटलांच्याच नावे, 'सदर इसमाकडे तपास करून उत्तर पाठवावे'.

मी प्रश्न मुंबईला पाठवला आणि तो पायरी पायरीने उतरत परत त्याच डोंगराखाली आला. कोणी फोडला नाही. मीच पाठवला होता, तिकीट लावून.

दामूला म्हटलं, तू तेव्हाच सांगायचं नाहीस? म्हणाला, कचेरीतला कागद आहे, जेवताना तोंडून निघून गेलं तेवढंच माझं पाप. आणि प्रश्न आला की तो चौकशीला खाली येणारच. सरकारला उत्तर कुठून ठाऊक असणार? मला वाटलं, कौन्सिलात जाऊन वर्ष झालं, तुम्हाला माहीत असेल.

मला माहीत नव्हतं. मला वाटायचं, मुंबईत कोणी शहाणी माणसं बसून उत्तरं लिहितात.

त्याच बासनात पळसगावची विहीरही होती. तेच शेरे, त्याच पायऱ्या.

ता. ४ जून. कर्जत
काल एक गोष्ट लिहायची राहिली. बुधाचा तो दुसरा जबाबही बासनात होता, मजुरी मिळाली म्हणणारा. खाली अंगठा. दोन्ही ठसे शेजारी शेजारी ठेवून पाहिले. माझ्या कागदावरच्या ठशात मधोमध पांढरी रेघ आहे, कोयत्याची. दुसऱ्यात रेघ नाही. स्वच्छ, गोल, मोठा अंगठा. तो बुधाचा नाहीच.

खोटा अंगठा! सरकारने सभागृहापुढे खोटा अंगठा ठेवला. बुधाला उभा करायचा, सगळ्यांसमोर ठसा घ्यायचा, आणि मग बघू कोणाच्या पुढे 'हंशा' छापतात ते. परतीच्या गाडीत खोपोलीपासून कर्जतपर्यंत माझं भाषण तयार झालं. समोरच्या बाईने मूल पलीकडच्या मांडीवर घेतलं, मी बहुतेक मोठ्याने बोलत असणार.

त्यावरून आठवलं. पोचा जबाबात लिहिलेला नव्हता, मग दामूला पोचा कसा ठाऊक? सौ.ला विचारलं. म्हणाली, त्या दिवशी तुम्ही जबाब सांगत होता तो पोस्टापर्यंत ऐकू जात होता. दामूला पोच्याचं मीच सांगितलं, गंमत म्हणून. तुमच्या घरात गुपित एकच, ते म्हणजे तुमचं अक्षर.

ता. ५ जून
पळसगावचा विचार दिवसभर डोक्यातून जात नाही. मी सापळा लावला, नोटीस पाठवली, नोटीस खाली गेली, विहीर साफ झाली, आणि चौदा वर्षं बरोबर असलेल्या माणसाला घरातून काढलं. त्याने नाव वगळू या म्हटलं ते एकच शहाणं वाक्य त्या दिवशी त्या ओटीवर बोललं गेलं. लाज वाटते. वहीत तरी पुरं नाव लिहितो. विसूभाऊ.

ता. १७ जून, रविवार
गेल्या आठवड्यात तीनदा चिंचेकडे गेलो आणि तीनदा परत आलो. आज त्यांच्या घरीच गेलो. ते पागोळीखाली भांडी लावत होते. काय बोलायचं ते पाठ केलं होतं, ते सगळं विसरलो. म्हटलं, विसूभाऊ, माझं अक्षर बिघडलंय.

"ते पहिल्यापासून."

मग खाली बसलो आणि बासनाचं सगळं सांगितलं. माझी चूक झाली असं स्पष्ट म्हटलं. त्यांनी ऐकलं. म्हणाले, चूक झाली हे बरं झालं साहेब, नाही तर मी चिंचेखाली बसलोच नसतो. तिथे कळलं की लोक सगळ्यात जास्त अर्ज कसले करतात. कसले? म्हणाले, आपण आधी केलेला अर्ज परत मिळावा म्हणून.

येतो म्हणाले नाहीत. येत नाही असंही म्हणाले नाहीत. निघताना त्यांनी पाय पुसायला पोतं पुढे केलं, एवढं चांगलं चिन्ह.

ता. २४ जून, रविवार
ती आली. वाडीवर दारात उभी राहून माझ्याकडे बघणारी. बुधाची बायको, हिरी. डोक्यावर रानातल्या शेवळांच्या भाजीची पाटी. सौ.ने शेवळं घेतली, चहा दिला. हिरी पायरीवर, बुधा बसला होता त्याच जागी.

तिने जे सांगितलं ते असं. कागद खाली आला तसे पाटील वाडीवर आले. बुधाचं नाव वाचून दाखवलं, बापाच्या नावासकट. राब बंद केला, अख्ख्या वाडीचा. वाडीची बैठक बसली. सगळ्यांनी बुधाला सांगितलं, तू जा. तो घाटावर कोळशाच्या भट्टीवर गेला, सरकलेला खांदा घेऊन. मग पाटील पुन्हा आले, अंगठा पाहिजे म्हणाले, मग राब सोडतो. बुधा तर गेलेला. तेव्हा बुधाच्या थोरल्या भावाने दिला. 'मीच बुधा' म्हणून दिला.

राब सोडला? विचारलं. सोडला, पण शिमग्यानंतर, उशीर झालेला. निम्मा भाजला.

मी तिला माझ्या नव्या प्रश्नाचं सांगितलं. खोटा अंगठा उघड करणार म्हटलं. तिला कळायला वेळ लागला. मग विचारलं, "मंग थोरल्याला धरतील?"

मी वकील आहे. थापा मारता येईनात. धरतील, म्हटलं. अंगठा त्याचा आहे.

कप पायरीवर ठेवला. मग म्हणाली, "तुझा राग नाय रं. तू बरा हायेस. पन आता नाव नको लिवू. कुनाचाच."

पाटी डोक्यावर घेऊन गेली. सौ. आत जाऊन रडली. मीही रडलो असतो, पण ओटीवर दुसरं अशील ताटकळत बसलं होतं.

ता. २९ जून
प्रश्न न विचारावा, तर कौन्सिलच्या पुस्तकात कायम राहील की उंबरवाडीला मजुरी मिळाली आणि आनरेबल मेंबरने थाप मारली. थंडीत पुन्हा मुक्काम हलेल, पुन्हा अकरा माणसं. विचारावा, तर थोरला तुरुंगात आणि बुधा कायमचा घाटावर. नाव न घालता विचारावा, तर उत्तर आत्ताच तोंडपाठ आहे. (अ) नाही. (ब) उद्भवत नाही.

ता. २ जुलै, सोमवार
सकाळी विसूभाऊ आले. आपल्या जागी बसले, पिशवीतून दौत काढली, रूळपट्टी मागितली. कौन्सिलच्या पुण्यातल्या पावसाळी अधिवेशनासाठी नोटीस आज गेली पाहिजे. मी सांगत गेलो, हळू आवाजात, ते लिहीत गेले. "कर्जत येथे अमुक दिवशी उंबरवाडीच्या अकरा इसमांकडून साहेबांचे सामान बिनमजुरीने वाहून घेण्यात आले, हे प्रत्यक्ष पाहणारा साक्षीदार..." इथे थांबलो. म्हटलं, जागा कोरी सोडा. नाव घालता येत नाही.

त्यांनी टाक खाली ठेवला. "साहेब, तुम्ही पाहिलं होतंत ना? ओटीवरून?"

मी म्हटलं, वकिलाने आपल्याच दाव्यात साक्षीदार होऊ नये, हा नियम आहे.

"कोर्टात," ते म्हणाले.

मग जेवायला घरी गेले.

मी पाहिलं होतं. सगळं. टब, पाय, पडणं, पोचा, शिव्या, रिकामे हात. जानेवारीच्या पानावर माझ्याच अक्षरात आहे. सहा महिने साक्षीदार शोधत होतो आणि फितूरही. माझं नाव घातलं तर कागद पुन्हा पायरी पायरीने उतरेल, आणि पाटलांना तपासाला वाडीवर नाही, माझ्या ओटीवर यावं लागेल. जबाब माझा घेतील. मग विचारतील, आपण पाहत होतात तर आपण काय केलंत? शपथेवर सांगावं लागेल, हसलो. साहेबांपुढे रोज दावे चालवायचेत. निवडणूक दोन वर्षांवर. हे सगळं डोक्यात येतं, खोटं कशाला बोलू.

विसूभाऊंनी सोडलेली जागा पाहिली. बुधाच्या नावाला ती फार मोठी आहे. माझं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, बरोबर मावेल. मोजून सोडली असेल का? वि.चा काही भरवसा नाही.

सौ. विचारून गेली, पाकीट चिकटवायला खळ करू का. कर म्हटलं.

टपाल साडेचारला निघतं. चार वाजून गेलेत. टाक हातात आहे, आणि कागद अजून उघडा.